ईशान्य कोपऱ्यातली टाकी

“टाकी चार फुटी घ्यायची का सहा फुटी, ते मागनं ठरवू. आधी मला सांगा काका, घर कितव्या मजल्यावर?”

इम्तियाजभाईंनी हे विचारलं तेव्हा नाना, म्हणजे माझे सासरे, दुकानातल्या मोठ्या काचेला नाक लावून उभे होते. आत हातभर लांबीचा रुपेरी अरोवाना वरच्या वर फिरत होता. मासा वळला की नानांची मान वळायची.

“पहिल्या मजल्यावर,” मीच सांगितलं.

“मग बीमवर बसवायची. खाली बीम कुठनं गेलाय ते बघायचं आणि भिंतीला लावून ठेवायची. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे पाणीच साडेसहाशे लिटरच्या वर. काच, लोखंडी स्टँड, गोटे, सगळं धरून नऊशे किलो. खेळ नाही.”

“एवढ्याशा माशाला एवढी टाकी?” नाना म्हणाले.

“एवढासा राहतोय कुठं तो! दोन-अडीच फुटाला जातो. त्याला वळायला जागा पायजे. अरुंद टाकीत घातला की वळून वळून कणा वाकडा होतो बिचाऱ्याचा. घ्यायची तर एकदाच मोठी घ्या. आणि फिल्टर हा असा, टाकीच्या बाहेर खाली ठेवायचा डबा. एक नाही, दोन. मोठा मासा खातो बक्कळ आणि घाणही तेवढीच करतो. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहिला पायजे.”

त्यांनी डबा उघडून आतला स्पंज आणि पांढऱ्या मातीच्या कड्या दाखवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुम्ही ऐका, कारण धुवायचं काम तुमच्याकडंच येणार. ह्या कड्या नळाखाली कधी धुवायच्या नाहीत. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात खंगाळायच्या. ह्यात जिवाणू वाढतात, ते पाणी साफ ठेवतात. नळाच्या औषधानं ते मेले, की चार दिवसांत पाणी माशाला विष.”

“आणि मासा मेला तर?” नानांनी विचारलं. आवाज एकदम खाली गेला होता.

“मेला तर दुःख करायचं नाही काका. घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं म्हणायचं. माझा विश्वास नाही, पण येणारे सगळे असंच म्हणतात.”

त्यातलं संकटाचं वाक्य तेवढं नानांनी ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं.

बारा वर्षं झाली ह्याला. तेव्हा आम्ही सांगलीत, चार फ्लॅटच्या एका जुन्या इमारतीत राहत होतो. घरात चौघं. नाना, माझा नवरा उदय, मी आणि सहा वर्षांची जुई. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत मिरज रोडला उदयच्या मोटरसायकलला ट्रक घासून गेला. मांडीत सळई घातली, तीन महिने माणूस पलंगावर. नानांनी त्याचं सगळं केलं, आंघोळसुद्धा घातली. दिवसातून दहा वेळा त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे. त्या धास्तीनंच त्यांनी वास्तुवाले बोलावले. वास्तुवाल्यांनी होकायंत्र फिरवून सांगितलं, घराची ईशान्य कोरडी आहे, तिथं पाणी पाहिजे आणि पाण्यात मोठा मासा पाहिजे. मुलावरची वेळ अजून टळलेली नाही, असंही सांगून गेले. झालं!

आमच्या हॉलचा ईशान्य कोपरा म्हणजे मुळातली बाल्कनी. आधीच्या मालकानं मधली भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतली होती आणि बाहेरून सरकत्या काचा लावल्या होत्या. वरून फरशी एकसारखी, त्यामुळे नवीन माणसाला कळायचंही नाही की इथून पुढचे चार फूट हवेत आहेत.

मला कळायचं. मी तासगावच्या सेंट्रिंगवाल्या मिस्त्रीची पोर. लहानपणी आण्णांचा डबा घेऊन साईटवर जायची. बाल्कनीचा स्लॅब ओतायचा असला की आण्णा माणसांच्या अंगावर ओरडायचे, “अरे, सळया तुडवू नका रे!” बाल्कनीला खालून आधार नसतो, म्हणून तिच्या सळया वरच्या अंगाला लागतात. काँक्रीट ओतताना माणसं त्यांच्यावरून चालली की सळया दबून तळाला जातात आणि त्या बाल्कनीत मग काही राम राहत नाही. हे मी नानांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं.

“तुझे वडील मिस्त्री होते मंगल, इंजिनिअर नव्हते,” नाना म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं. वर बिल्डरला फोन लावून स्पीकरवर टाकला. “काय होत नाही ओ नाना, बिनधास्त ठेवा,” बिल्डर पलीकडून म्हणाला. तो जेवत होता, चघळल्याचा आवाज येत होता.

आणि त्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली तळमजल्यावरच्या दांडेकर बाईंचा ओटा होता. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. रोज चार ते सहा ओट्यावर सतरंजी टाकून शिकवणी घ्यायच्या. आठ मुलं. त्यातली एक आमची जुई.

सोमवारी टाकी आली. सहा माणसांनी जिन्यातून चढवली. पाणी भरलं, दोन्ही फिल्टर लावले. इम्तियाजभाईंनी दुकानातूनच त्यांच्याकडच्या चालू फिल्टरमधल्या मुरलेल्या कड्या घालून दिल्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशीच मासा सोडता आला. नानांनी टाकीला हळदकुंकू लावलं आणि उदयला हाताला धरून समोरच्या खुर्चीत आणून बसवला. जुईनं माशाचं नाव ‘सरदार’ ठेवलं. खोटं कशाला बोलू, मासा देखणा होता. खाली वळलेले डोळे, मिशा, अंगावर रुपयाएवढे खवले. मी मात्र फरशीकडं बघत होते.

गुरुवारी सकाळी झाडताना दिसलं. जिथं पूर्वी भिंत होती त्या रेषेवर, फरशीच्या सांध्यात, केसाएवढी भेग. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. आण्णा भेगेवर सिमेंटचा ठिपका द्यायचे. ठिपका तडकला तर भेग जिवंत, चालतेय. नाही तडकला तर मेलेली. मी मोरीच्या फरशीचं उरलेलं पांढरं सिमेंट कालवलं आणि तीन ठिपके दिले. वर पायपुसणं टाकलं.

शुक्रवारी दुपारी पायपुसणं उचललं. तिन्ही ठिपके मधोमध तडकले होते.

“अहो, बघा हे,” मी उदयला वॉकर धरून तिथवर आणलं.

त्यानं वॉकरवर रेलून बघितलं. “पांढरं सिमेंट वाळलं की तडकतंच,” म्हणाला.

“तिन्ही? एकाच रेषेत?”

“मंगल, नानांना आता काही बोलू नकोस. ते झोपेत दचकून माझं नाव घेतात, तुला माहीत नाही.”

“आणि खाली पोरं बसतात ती?”

त्यानं वॉकर पलंगाकडं वळवला. मीही पुढं विचारलं नाही. एरवी माझी जीभ कशी आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, कुणाला म्हणून सोडायची नाही मी. पण त्या दिवशी मी गप्प बसले आणि पावणेचारला जुई दप्तर घेऊन निघाली तेव्हा तिला म्हणाले, “आज नको जाऊ. कान दुखतोय म्हणालीस ना काल?”

“कान नाही दुखत.”

“दुखतोय. बस इथं आत, बेडरूममध्ये.”

चार वाजता खालून पाढे सुरू झाले. सात पोरांचे आवाज. सतराचा पाढा. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि प्रत्येक ओळीला माझा हात थांबत होता. पाढा मध्येच अडखळला, की वाटायचं झालं. मग बाईंचा आवाज यायचा, “पुन्हा म्हण,” आणि माझा जीव भांड्यात पडायचा. सहा वाजता मुलं घरी जायची. मग दुसऱ्या दिवशी चारपर्यंत मी बरी असायची.

शनिवारी बाईंनी खालून हाक मारली, “मंगल, जुईचा कान कसा आहे गं?”

“डॉक्टर म्हणाले आठ दिवस वाऱ्यात बसू नको!” मी काचेतून ओरडून सांगितलं. “बाई, तुम्ही पण आत बसवा की पोरांना, ऊन किती आहे!”

“आत अंधार आहे गं. इथंच बरं.”

मला एवढंच करता आलं. खाली जाऊन खरं सांगायचं तर नानांना आख्ख्या इमारतीसमोर खोटं पाडायचं. आणि उद्या इंजिनिअर आला आणि म्हणाला, काही झालेलं नाही, तर मिस्त्रीच्या पोरीचं हसं. असा विचार केला मी. स्वतःची मुलगी बेडरूममध्ये बसवून केला.

सोमवारी भेगेत पोस्टकार्डाची कड जायला लागली. त्या दिवशी नाना देवळात गेले आणि मी फिल्टर उघडला. दोन्ही डब्यांतल्या कड्या बादलीत ओतल्या, नळाखाली धरल्या, कपड्यांचं ब्लीच घालून दोनदा खळखळून धुतल्या. ब्लीचचा वास जाईपर्यंत साध्या पाण्यानं धुतल्या आणि होत्या तशा बसवून टाकल्या. मासा काचेजवळ येऊन थांबला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

माझा हिशोब सरळ होता. मासा मेला की नाना म्हणणार, संकट गेलं. संकट गेलं की टाकीचं काम संपलं. पाणी काढायचं, टाकी मोडीत द्यायची. कुणाचा अपमान नाही, कुणाशी भांडण नाही.

चार दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून सरदार खाईना, तोंड वर काढून भकाभका पाणी प्यायल्यासारखं करायचा. जुई काचेला हात लावून बसायची. शुक्रवारी सकाळी तो तळाला आडवा पडलेला दिसला. जुईनं रडून घर डोक्यावर घेतलं. नाना काही रडले नाहीत. त्यांनी टाकीपुढं हात जोडले, मग उदयच्या पलंगाजवळ जाऊन त्याचं डोकं छातीशी धरलं. “गेलं बाबा,” म्हणाले, “माझ्या लेकरावरचं गेलं. त्यानं अंगावर घेतलं.” पांढऱ्या पंच्यात मासा गुंडाळून रिक्षानं कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. परत आले तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला. दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मला माझीच लाज वाटली, पण आतून सुटल्यासारखंही झालं. आता संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी होईल म्हणून मी पाइप शोधत होते.

“पाइप कशाला?” नाना म्हणाले.

“पाणी काढायला. आता काय करायचंय टाकीचं?”

“वा! एका माशानं एवढं केलं. आता जोडी आणायची. इम्तियाजना फोन केलाय मी. जोडी आज आहे त्यांच्याकडं, पण ते म्हणाले, मासा का मेला ते कळल्याशिवाय देणार नाही. रविवारी येऊन पाणी तपासतो म्हणाले. तोवर फिल्टर बंद करू नका.”

मासा मारून मी एक थेंब पाणी कमी केलं नव्हतं. टाकी काठोकाठ होती आणि खाली सात मुलं ‘माझी आई’ निबंध लिहीत होती.

दोन दिवस मी कसे काढले ते आठवत नाही. शनिवारी भेगेत माझं नख जात होतं. रविवारी शिकवणीला सुट्टी, पण परीक्षा जवळ आली म्हणून बाईंनी ह्या रविवारी मुलांना बोलावलं होतं. साडेतीनला मी नानांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

“नाना, मासा संकटानं मेला नाही. मी मारला.”

ते हसलेच. “काहीतरी बोलू नकोस.”

“फिल्टरच्या कड्या ब्लीचनं धुतल्या मी. मुद्दाम. टाकी निघावी म्हणून. बाल्कनी सुटायला लागलीय नाना, चला, दाखवते. पाया पडते तुमच्या.”

मला वाटलं होतं, ते हात उगारतील. घराबाहेर हो म्हणतील. तसलं काही झालं नाही. नाना पलंगाच्या कडेला बसले आणि उदयचा पाय घट्ट धरला.

“म्हणजे गेलंच नाही?” ते म्हणाले. “म्हणजे अजून आहे त्याच्यावर?”

“नाना, कुणावर काही नाही! खाली पोरं आहेत!”

“इम्तियाजला फोन लाव उदय. पाणी-बिणी तपासायचं राहू दे म्हणावं. आत्ताच्या आत्ता मासा घेऊन ये म्हणावं.”

आणि उदयनं मोबाईल उचलला. त्याला मोबाईल उचलताना मी बघितलं आणि मग मात्र थांबले नाही. चप्पलसुद्धा घातली नाही.

खाली बाई सतरंजी झटकत होत्या. चार मुलं आली होती, बाकीची फाटकातून येत होती. “बाई, मुलांना आत घ्या,” मी म्हणाले. “आधी आत घ्या, मग सांगते.”

माझं तोंड बघून त्यांनी एक शब्द विचारला नाही. मुलांना आत ढकललं, दार ओढून घेतलं. मग मी सगळं सांगितलं. बाईंचे भाऊ बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, मागच्याच गल्लीत राहायचे. दहा मिनिटांत आले. वर येऊन त्यांनी पायपुसणं उचललं आणि गुडघे टेकून भेगेला डोळा लावला. उठले ते भिंतीला धरून.

“आधी पाणी सोडा,” म्हणाले. “बोलणं नंतर. आणि त्या बाजूला कुणी पाऊल टाकू नका.”

पाइप आत सोडून टोक मोरीत नेलं. दीड तास पाणी जात होतं. नाना तेवढा वेळ उदयचा हात धरून बसले होते, पाणी कमी होईल तसा जास्त घट्ट. पुढं बाल्कनी फोडली तेव्हा सळया तळापासून दोन बोटांवर निघाल्या. पण ते नंतरचं.

मी खाली आले तेव्हा सहाला दहा कमी होते. बाई दारात उभ्या होत्या.

“जुई कधीपासून येत नाही, मंगल?”

मी अनवाणी पायरीवरच थांबले.

“कान दुखत नव्हता ना तिचा?”

“नाही.”

“किती दिवस झाले?”

“दहा,” मी म्हणाले. “आज धरून.”

बाईंनी आवाज चढवला नाही. “आता सगळ्यांच्या आया येतील न्यायला,” म्हणाल्या. “फाटकात उभी राहा. तूच सांग एकेकीला. सगळं सांग.”

मी उभी राहिले. पहिलीनं ऐकून घेतलं आणि मुलाचं बखोट धरून निघून गेली. दुसरी म्हणाली, “तुझी पोर तेवढी माणसाची, आमची काय दगडाची?” तिसरी माझ्या अंगावर धावून आली, बाईंच्या भावानं आवरली. मी कुणालाच उलट बोलले नाही. बोलायला होतं काय? सहा जणींना सांगितलं. भेग कधी दिसली, मुलगी कधी घरात ठेवली, सगळं.

शेवटची सुनंदा. पिठाच्या गिरणीत काम करणारी, तिचा श्रीधर आठांत सगळ्यात लहान. ती कामावरून धावत आली होती. मी “बाल्कनी पडायला आली होती” एवढंच म्हणाले आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. “तुम्ही धावत आला म्हणून माझं लेकरू वाचलं ताई,” म्हणाली आणि रडत माझ्या पायाशी वाकली.

दारातून दांडेकर बाई माझ्याकडं बघत होत्या. वाट बघत होत्या. मी सुनंदाला उठवलं आणि म्हणाले, “असू दे गं. जा आता घरी.”

बाईंनी मान फिरवली आणि आत निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कधीही बोलल्या नाहीत, आणि जुईला पुन्हा शिकवणीला घेतलं नाही.

श्रीधर यंदाच इंजिनिअरिंगला लागला. सुनंदा दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते, आलेल्या बायकांना सांगते, “ह्या ताईंमुळे आहे माझा पोरगा.” मी तिला बसवते, चहा करते, ओटी भरते. दहा दिवसांचं अजून सांगितलेलं नाही.